किल्ली कोणाच्या कनवटीला?

(कात्रज येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



इथे यायला जरा लवकर निघालो होतो, म्हणून आधी प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. शाळांना सुट्टी, त्यामुळे तिकिटाच्या रांगेत पोरांचा नुसता कालवा होता. फाटकावर पाटी पुणे महानगरपालिकेची. पिंजरे महापालिकेचे, रखवालदार महापालिकेचे, वाघाच्या जेवणाचं बिलही महापालिकेच्या अंदाजपत्रकात. पण वाघाला हिंडायला जागा किती द्यायची, खंदक केवढा ठेवायचा, डॉक्टर हवा की नको, हे नियम दिल्लीचे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण नावाची संस्था आहे, तिची मान्यता नसेल तर हे फाटक उघडता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, व्याख्यान तुरुंगावर आणि हे गृहस्थ वाघाचं काय सांगतायत. सांगतो. १९७६ साली, आणीबाणीत, ४२वी घटनादुरुस्ती झाली. तिने राज्यांच्या यादीतले काही विषय उचलून केंद्र आणि राज्य यांच्या सामाईक यादीत, म्हणजे समवर्ती सूचीत ठेवले. शिक्षण गेलं, वनं गेली, वजनमापं गेली आणि वन्य पशुपक्षीही गेले. तुरुंग मात्र होता तिथेच राहिला. गंमत अशी, की त्याच वर्षी आपल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला येरवड्याचा तुरुंग मिसाबंद्यांनी भरलेला होता. संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस तिथे होते, समाजवादी होते. ज्या ‘मिसा’ कायद्याखाली त्यांना आत घातलं तो संसदेचा, स्थानबद्धतेचे हुकूम बहुतेक राज्याच्या अधिकाऱ्यांच्या सहीचे, आणि भाकरी महाराष्ट्र सरकारची. न्यायालयात दाद मागावी तर एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीपुरतं ते दारही लावून घेतलं.

तेव्हा आजचा प्रश्न साधा आहे. येरवड्याचा तुरुंग कोणाचा? ‘सरकारचा’ हे उत्तर मी घेणार नाही. कात्रजकरांनी तर ते देऊच नये. चौकातला उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, कोंढव्याकडच्या रस्त्याचं रुंदीकरण महापालिकेचं, हा भेद तुम्हाला रोज गाडीत बसल्या बसल्या कळतो.

कागदावर उत्तर स्वच्छ आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि सामाईक. राज्याच्या यादीतली चौथी नोंद तुरुंगांची. तुरुंग, सुधारगृहं, बोर्स्टल शाळा, तशाच इतर संस्था आणि तिथे ठेवलेली माणसं. ‘तिथे ठेवलेली माणसं’ हे शब्द ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यापायी आहे. इमारत राज्याची हे समजण्यासारखं आहे. माणूस राज्याचा कसा होतो?

ही वाटणी घटनाकारांनी नव्याने केली असं नाही. १९१९च्या सुधारणांपासून तुरुंग प्रांतांकडे होते. कायदा मात्र कलकत्त्यात बसून केलेला, १८९४चा. त्या काळी केंद्र सरकारचा म्हणावा असा तुरुंग होता तो अंदमानात. सावरकर तिथे हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात होते. १९२१ मध्ये त्यांना इकडे आणलं, रत्नागिरीला आणि नंतर येरवड्याला, तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या ताब्यात आले. आज केंद्र सरकारच्या गृहखात्याचा स्वतःचा असा मोठा तुरुंग देशात नाही. तिहार? तिहार दिल्ली सरकारचा. दिल्लीत पोलीस केंद्राचे आणि तुरुंग दिल्ली सरकारचा, म्हणजे पकडणारा एकाचा आणि सांभाळणारा दुसऱ्याचा. सीबीआयने पकडलेला, एनआयएने पकडलेला, कस्टम्सने विमानतळावर अडवलेला, हे सगळे कुठल्या ना कुठल्या राज्याचे पाहुणे. तळोजा, आर्थर रोड, येरवडा, नाशिक रोड, हर्सूल, कळंबा, नागपूर, अमरावती, ठाणे ही आपली नऊ मध्यवर्ती कारागृहं. या सगळ्यांचं मुख्यालय मुंबईत नसून इथे पुण्यात आहे. पुणेकरांनी ज्याचा अभिमान मिरवलेला नाही अशी ही पुण्यातली बहुधा एकमेव गोष्ट.

वाटणी नेमकी कशी चालते याचा सर्वांत चांगला धडा येरवड्यानेच दिला आहे, आणि विद्यार्थी होता खुद्द गांधीजींसारखा माणूस. १९३० आणि १९३२ साली गांधीजींना धरलं ते खटला न चालवता, मुंबई इलाख्याच्या १८२७च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली. त्यामुळे ते शिक्षा झालेले कैदी नव्हते, ‘राजबंदी’ होते. सप्टेंबर १९३२ मध्ये त्यांनी जातीय निवाड्याविरुद्ध उपोषण मांडलं. तुरुंग मुंबई सरकारचा, मोठा निर्णय हिंदुस्थान सरकारच्या हातात, आणि मूळ निवाडा लंडनचा. बाबासाहेब आंबेडकर आणि बाकीचे नेते पुण्यात जमले, २४ तारखेला करार झाला, पण गांधीजींनी उपोषण सोडलं ते २६ला, लंडनच्या मंत्रिमंडळाचा होकार आल्यावर. येरवड्याच्या अधीक्षकाच्या हातात यातलं काय होतं? आंब्याच्या झाडाखाली खाट टाकू देणं.

पण खरी मौज पुढच्या वर्षी झाली. राजबंदी असताना तुरुंगातून अस्पृश्यतानिवारणाचं काम करायला सरकारने गांधीजींना परवानगी दिली होती. ‘हरिजन’ साप्ताहिक फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्यातून निघालं तेव्हा ते येरवड्यातच होते. मे महिन्यात सुटले. ऑगस्टमध्ये पुन्हा पकडले गेले आणि या वेळी रीतसर एक वर्षाची शिक्षा झाली. माणूस तोच, तुरुंग तोच, काम तेच. सरकार म्हणालं, तेव्हा तुम्ही राजबंदी होतात, आता तुम्ही पक्के कैदी. त्या सवलती आता नाहीत. गांधीजींनी पुन्हा उपोषण केलं आणि आठवडाभरात सरकारला त्यांना सोडून द्यावं लागलं. तुरुंगात तुम्ही कोण आहात यापेक्षा कोणत्या कागदावर आत आलात याला किंमत असते. तो कागद कोणी लिहिला यावर तुमची कोठडी ठरते. हे १९३३ साली खरं होतं, आजही आहे.

दुसरी गोष्ट सांगतो ती तितकी प्रसिद्ध नाही, पण मला स्वतःला जास्त आवडते. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते. चीनच्या युद्धानंतर भारत संरक्षण नियमांखाली त्यांना मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केलं. नियम केंद्राचे. तुरुंगात बसून या माणसाने काय करावं? त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. राजकारणाचा वास नाही, सगळं पदार्थविज्ञान. लिहायला कोणी हरकत घेतली नाही. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या म्हणून त्यांनी १९६४ साली अर्ज केला, आणि राज्य सरकार म्हणालं, नाही.

इथे बघा. आत घातलं केंद्राच्या नियमाने. आत कसं ठेवायचं हे मात्र राज्याच्या, १९५१च्या मुंबई स्थानबद्धता शर्तींच्या हुकुमाने. राज्याचं म्हणणं असं, की स्थानबद्धाला जेवढ्या सवलती या हुकुमात लिहून दिल्यात तेवढ्याच मिळतात. पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत त्यात लिहिलेली नाही, सबब मिळणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाला हे पटलं नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, न्यायालयाने निकाल दिला: हा हुकूम सवलतींची यादी नव्हे, बंधनांची यादी आहे. जे बंधन त्यात लिहिलेलं नाही ते तुरुंगाधिकाऱ्याने मनाने घालू नये. पुस्तक बाहेर गेलं पाहिजे.

मराठीतल्या एका विज्ञानाच्या पुस्तकाने साऱ्या देशाच्या कैद्यांचा कायदा घडवला. कायद्याचे विद्यार्थी हा खटला घोकतात; पुस्तकाचं नाव मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांना मराठीत नीट म्हणता येत नाही.

आता सुटकेचं. आत घालणारे अनेक, तसे बाहेर सोडणारेही अनेक. फाशीची शिक्षा माफ करायचा अधिकार राष्ट्रपतींना आहे, कलम ७२खाली. राज्याच्या कक्षेतल्या गुन्ह्यांत शिक्षा कमी करायचा राज्यपालांना, कलम १६१खाली. आणि याशिवाय फौजदारी प्रक्रियेत ‘समुचित सरकार’ म्हणून एक शब्द आहे. समुचित म्हणजे कोणतं? तुरुंग जिथे आहे ते? तर नाही. बिल्कीस बानो प्रकरणातला गुन्हा गुजरातमधला, २००२चा. खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईत चालला आणि २००८ मध्ये मुंबईत ११ जणांना जन्मठेप झाली. ते शिक्षा भोगत होते गोध्र्याच्या तुरुंगात. १५ ऑगस्ट २०२२ला गुजरात सरकारने त्यांना माफी देऊन सोडलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. एक मुख्य कारण असं, की शिक्षा ज्या राज्याच्या न्यायालयाने दिली ते राज्य महाराष्ट्र, तेव्हा माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्राचा. गुजरातकडे किल्ली होती, कुलूप महाराष्ट्राचं होतं.

आणि तपास सीबीआयने केला असेल तर राज्याला केंद्राशी विचारविनिमय करावा लागतो. विचारविनिमय म्हणजे नुसतं विचारणं नव्हे, संमती, असं सर्वोच्च न्यायालयाने राजीव गांधी हत्येतल्या कैद्यांच्या प्रकरणात डिसेंबर २०१५ मध्ये सांगितलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१६ मध्ये, संजय दत्त येरवड्यातून थोडा आधी बाहेर पडला. शस्त्र कायदा केंद्राचा, तपास सीबीआयचा. मग केंद्राला विचारलं का, हे माहितीच्या अधिकारात विचारणारा माणूस कोण असावा? तमिळनाडूच्या तुरुंगातला पेरारिवलन, त्याच राजीव गांधी खटल्यातला कैदी. राज्याचं उत्तर होतं की ही माफी सरकारने दिलेली खास माफी नसून कारागृह नियमांप्रमाणे चांगल्या वर्तणुकीने कमावलेली होती. कायद्यात हा भेद खरा आहे. तरी एका कैद्याने हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या कैद्याचा हिशोब मागावा, यात या व्यवस्थेबद्दल जेवढं कळतं तेवढं पुष्कळ अहवालांत कळत नाही.

पैशाचं बोलायला हवं, कारण वाटणीतलं भांडण शेवटी तिथेच येतं. कसाबला आर्थर रोडमध्ये ठेवलं होतं तेव्हा त्याच्या पहाऱ्याला इंडो-तिबेट सीमा पोलीस, म्हणजे केंद्राचं दल होतं. त्या दलाने महाराष्ट्राला दहा कोटींहून जास्त रकमेचं बिल पाठवलं. राज्याचा सूर असा, की हल्ला देशावर झाला, मग पहाऱ्याचा खर्च एकट्या महाराष्ट्राने का सोसावा? आपल्या घरी पाहुणा पाठवायचा, त्याच्यासोबत राखणदारही पाठवायचा आणि राखणदाराच्या पगाराची चिठ्ठी यजमानाच्या हातात द्यायची, असा तो प्रकार. २१ नोव्हेंबर २०१२ला त्याला येरवड्यात फाशी दिली. दयेचा अर्ज फेटाळणारे राष्ट्रपती दिल्लीत, फास महाराष्ट्राचा.

एरवी केंद्र देतं ते अनुदान. २००२-०३पासून तुरुंग आधुनिकीकरणाची १,८०० कोटींची योजना होती, तीत खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा. नंतर २०२१ ते २०२६ साठी ९५० कोटी, साऱ्या देशाला मिळून. २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आली: तेव्हा जामिनाला ४०,००० पर्यंत आणि दंडाला २५,००० पर्यंत मदत ठरली. जामीन मंजूर होऊनही पैशावाचून आत बसलेली माणसं आहेत हे त्यामुळे निदान सरकारी कागदावर आलं. पण रोजचा शिधा, पहारेकऱ्याचा पगार, औषध, वीज, हे सगळं राज्याच्या तिजोरीतून.

आता कोणी म्हणेल, मग वन्यप्राण्यांसारखा तुरुंगही सामाईक यादीत का टाकू नये? न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्ये हीच शिफारस केली होती. मला ती मान्य नाही. दिल्लीने नमुन्याचे नियम २०१६ मध्ये केले, नमुन्याचा कायदा २०२३ मध्ये केला; त्या कायद्यात तुरुंगातला जातिभेद बंद करण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. पत्रकार सुकन्या शांता यांनी याचिका केली. तुरुंगाच्या नियमावल्यांत झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जातीवरून ठरवणारी कलमं होती, ती ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि केंद्र व राज्यं दोघांनाही आपापली पुस्तकं दुरुस्त करायला सांगितली. दोघेही सारखेच झोपले होते. महाराष्ट्राने १८९४च्या कायद्याच्या जागी स्वतःचा कायदा डिसेंबर २०२४च्या नागपूर अधिवेशनात मंजूर केला. अधिकार १९५०पासून होता. आणि आपल्याच मातीत आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आहे. औंधसारख्या चिमुकल्या संस्थानाने १९३९ साली कैद्यांना भिंतीशिवाय शेतावर ठेवून दाखवलं. त्यावरून शांताराम बापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. औंधकरांनी ते दिल्लीच्या योजनेची वाट बघून केलं नव्हतं.

माझं म्हणणं हे, की दिल्ली आणि मुंबई यांच्यातली फट आपण मोठी करून दाखवतो, कारण ती सोयीची आहे. खरी फट त्याहून कितीतरी जवळ आहे. तुरुंगाचा दरवाजा आणि कोर्टाचा दरवाजा यांच्यामध्ये.

२०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा ४,३६,२६६ जणांची. त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आसपास आणि आत अनेकदा त्याच्या दुपटीहून जास्त. अधीक्षक कोणालाही ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवू शकत नाही. हॉटेलवाला पाठवतो, इस्पितळवाला पाठवतो, तुरुंगवाला नाही. वॉरंट आलं की माणूस आत.

कच्च्या कैद्याला तारखेला कोर्टात न्यायचं तर पोलिसांची ‘पार्टी’ लागते. तुरुंगाच्या शिपायांनी न्यायचं नसतं. बंदोबस्तातली पार्टी पोलीस मुख्यालयातून येते. गणपतीत पार्टी नाही. पालखीत पार्टी नाही. मंत्र्यांचा दौरा असला तर नाही. पार्टी नाही म्हणजे हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे पुढची तारीख. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. मुलगा एका तुरुंगात होता, चोरीचं प्रकरण. त्यांनी एका जुन्या वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या, दुधाचा हिशोब लिहितात तशा. आला असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. मी पानं उलटली. फुल्या जास्त होत्या. त्या आधी नगरसेवकाकडे गेल्या, मग आमदाराच्या कार्यालयात, मग कोणी सांगितलं म्हणून खासदारांकडे. सगळीकडे त्यांना पुढचं दार दाखवलं गेलं. मी म्हटलं, मावशी, अर्ज न्यायाधीशांना करा, प्रत अधीक्षकांना द्या, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मागा, तो फुकट असतो. त्यांनी विचारलं, ‘मग पार्टी कोण देणार?’

पोलीस आणि तुरुंग दोन्ही गृहखात्यात आहेत. खातं एक, मंत्री एक, मंत्रालयाची इमारतही एक. इथे दिल्लीचा संबंध नाही, घटनादुरुस्ती नको, नवी यादी नको. व्हिडिओवरून हजेरी आता होते आणि तिने बरंच साधलं, पण साक्षीपुराव्याच्या वेळी माणूस लागतोच, आणि आपल्या वकिलाशी दोन शब्द बोलायला आरोपीलाही तो प्रवास हवा असतो. 

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने, काही अपवाद वगळता, संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायचं. आणि तो काळ भरला की कोर्टाला अर्ज करायचं काम खुद्द तुरुंग अधीक्षकाचं. कायदा संसदेचा, अर्ज राज्याच्या माणसाने करायचा, निर्णय न्यायाधीशाचा. या एका कलमात तिन्ही हात एकत्र आलेत. ते नीट चालतं का हे बघायला आपल्यातल्या वकील मंडळींनी वेळ काढावा. प्रश्न असतील तर विचारा.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले: ‘या सगळ्यात महापालिकेचा काही संबंध येतो का? आणि आमदार-खासदार यात लक्ष का घालत नाहीत?’)

महापालिकेचं पाणी, सांडपाणी, बाहेरचा रस्ता, एवढं येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२मध्ये आहे. तुरुंगात असलेल्याला मतदान करता येत नाही. पक्का असो वा कच्चा. अपवाद फक्त प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या माणसाचा, म्हणजे संझगिरींसारख्याचा. निवडणुकीला उभं मात्र आतूनही राहता येतं. त्या बाईंच्या मुलाचं नाव तेव्हा मतदारयादीत होतं. मतदानाच्या दिवशी बाईंनी त्या वहीत त्या तारखेपुढेही फुली केली होती.